विदर्भात नव्यानं आलात? पहिल्या हिवाळ्यातली भटकंती आणि वाटेतलं जेवण

मे-जूनमध्ये बदलीवर आलेल्या माणसाचं विदर्भाबद्दलचं पहिलं मत उन्हानं बनवलेलं असतं. शाळेत, बँकेत, प्राथमिक आरोग्य केंद्रात, कुठंही रुजू झाला तरी पहिले सहा महिने तो दोनच गोष्टी बोलतो: ऊन आणि अंतर. मी अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याजवळच्या एका गावात राहतो, शिक्षक आहे. कोकणातून, कोल्हापुराकडून, पुण्याकडून आलेले सहकारी बघता बघता बरीच वर्षं झाली. पहिल्या हिवाळ्यात त्यांना फिरवणं हे मी माझं कामच समजतो, कारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने ज्यानं घरात काढले, त्याला हा मुलूख कळलाच नाही.

बहुतेक नवखे एकच चूक करतात. रविवारी उशिरा निघतात, दुपारी दोनला भूक लागते, रस्त्यावरच्या पहिल्या ढाब्यावर पनीर आणि तंदुरी रोटी खातात आणि म्हणतात, इकडे खायला काही मिळत नाही. मिळतं. फक्त इथलं सगळ्यात चांगलं जेवण फलकावर लिहिलेलं नसतं, ते आधी सांगून करून घ्यावं लागतं. म्हणून सहलीची आखणी जेवणापासून सुरू करा. ठिकाण नंतर.

महिना पाहून बेत करा

नोव्हेंबरात कापूस फुटलेला असतो आणि संत्र्याचा आंबिया बहार उतरायला लागलेला असतो. वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड हा संत्र्याचा पट्टा. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण त्या नावानं विकलं जाणारं बरंचसं फळ या तालुक्यांतल्या बागांमधलं असतं. बागेत गेलात तर मालकाला विचारूनच आत शिरा, आणि फळ निवडताना मोठं, गुळगुळीत, पोकळ सालीचं घेऊ नका. हातात घेतल्यावर आकारापेक्षा जड वाटेल ते घ्या. मृग बहाराचं संत्रं फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं. ते जास्त गोड असतं असं आमच्याकडचे बागाईतदार सांगतात आणि माझ्या जिभेलाही तेच पटतं.

डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेर हा खरा मोसम. तुरीच्या ओल्या शेंगा, हिरवा हरभरा, ज्वारीचा हुरडा, वांगी, सांबार, मेथी सगळं एकदम येतं. याच काळात बहिरमची यात्रा भरते, तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे. १२ जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थानी लाखोंची गर्दी असते. उत्सव पाहायचा असेल तर त्याच दिवशी जा, राजवाडा निवांत बघायचा असेल तर तो आठवडा टाळा. डिसेंबरात नागपुरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं. त्या दिवसांत नागपूरला मुक्काम करायचा असेल तर खोली आधी पक्की करा.

थंडी हलकी समजू नका. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. दुपारी मात्र याच मोसमात शर्टावर फिरता येतं. म्हणून एक जाड जाकीट घालण्यापेक्षा कानटोपी, स्वेटर आणि आत सुती कपडा असं घाला, म्हणजे दहा वाजेपर्यंत एकेक उतरवत जाता येईल. मोटारसायकलवर असाल तर हातमोजे हवेतच.

हे शब्द आधी शिका

सगळ्यांत पहिला शब्द: सांबार. इडलीसोबतचं नव्हे. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. आमच्या शाळेत आलेल्या एका सांगलीच्या बाईंनी बाजारात "दहा रुपयांचा सांबार" ऐकलं आणि डबा आणायला घरी परतल्या होत्या. सांबारवडी म्हणजे कोथिंबिरीचं मसालेदार सारण पातळ पारीत गुंडाळून तळलेली वडी. नागपूरकडे हिलाच पुडाची वडी म्हणतात. हिवाळ्यात कोथिंबीर स्वस्त असते तेव्हाच ती मन लावून केली जाते, त्यामुळे कुठं दिसली तर सोडू नका.

आलू म्हणजे बटाटा, फल्ली म्हणजे भुईमुगाची शेंग आणि दाणेसुद्धा, भेदरं म्हणजे टोमॅटो, चून म्हणजे पिठलं. पाणीपुरीला नागपूर-गोंदियाकडे गुपचूप म्हणतात. सोले म्हणजे तुरीचे ओले दाणे. पऱ्हाटी म्हणजे कपाशी. कुणी "पऱ्हाटीच्या वावरातून जा" असं सांगितलं तर कपाशीच्या शेतातून जायचं. वऱ्हाडी बोलीत 'ळ' चा 'य' होतो. "पोया किती टाकू?" असा प्रश्न आला तर तो पोळ्यांबद्दल आहे, आणि "सकायी या" म्हणजे सकाळी या. होकार "हाव" असा येतो.

आणि हाटेल. खेड्यापाड्यात हाटेल म्हणजे चहा-नाश्त्याची जागा. तिथं दुपारचं जेवण मागू नका. जेवणासाठी खानावळ किंवा भोजनालय विचारा. माणसाला हाक मारताना भाऊ, दादा. वयस्कर असतील तर काका किंवा काकाजी. चुलीवर असलेल्या बाईला ताई, मावशी. नाव विचारून, कुठून आलो ते सांगून बोलणं सुरू केलंत तर निम्मं काम तिथंच होतं.

नाश्ता सकाळी नऊच्या आत

आलूबोंडा आणि पोहे हे दोन सकाळचे राजे. आलूबोंडा वडापावासारखा पावात घालून खात नाहीत. ताटलीत बोंडा फोडतात, वरून हरभऱ्याची किंवा वाटाण्याची झणझणीत तर्री ओततात, कांदा आणि सांबार भुरभुरतात. पोह्यांवरही तीच तर्री. नागपूरचा तर्री पोहा प्रसिद्ध आहे, पण तालुक्याच्या बस स्टँडसमोरची गाडी त्याच्या मागे नाही. नवीन माणसानं पहिल्यांदा तर्री वेगळ्या वाटीत मागावी. वरचं लाल तेल बाजूला करून खालचा रस्सा आधी चाखा, मग ठरवा.

गाडी निवडायची कशी? कढईभोवती माणसं उभी असली पाहिजेत आणि घाणा तुमच्या डोळ्यांदेखत निघाला पाहिजे. एसटीचे चालक-वाहक कुठं थांबतात ते पाहा. साडेनऊनंतर बोंडे थंड होतात आणि तर्री खाली बसते, म्हणून मी सहाला निघायचा आग्रह धरतो.

शेगावची कचोरी ही सगळ्या दिवसाची गोष्ट आहे. मुंबई-हावडा लोहमार्गावरचं हे स्टेशन, आणि कचोरीची ख्याती गाडीतल्या प्रवाशांमुळेच दूरवर गेली. ती चटणीत बुडवायची नाही. सोबत तळलेली, मीठ लावलेली हिरवी मिरची देतात, तिचा एक तुकडा आणि कचोरीचा एक घास.

दुपारचं जेवण आदल्या संध्याकाळी ठरतं

हा भाग नीट वाचा.

वऱ्हाडातलं सणाचं, शेतातलं, नवसाचं जेवण म्हणजे रोडगे. जाडसर दळलेल्या गव्हाच्या कणकेच्या पाऱ्या एकावर एक, मध्ये तेल लावत, गोळ्यासारख्या बांधतात. गोवऱ्यांची रास पेटवून धग खाली बसली, राख पांढरी झाली, की हे गोळे त्या निखाऱ्यात पुरतात. फिरवत फिरवत, राखेत झाकत, आतपर्यंत शिजवायचे. मग फडक्यानं राख झटकून, फोडून, वर तूप. सोबत चुलीवरची वांग्याची भाजी आणि तुरीचं घट्ट वरण. एवढंच. बाहेरून कडक, आत पदर सुटलेले, आणि गोवरीच्या धुराचा अगदी हलका वास. हे जेवण घाईत होत नाही. विस्तव पडायला तासभर, भाजायला जवळपास तेवढाच वेळ. दुपारी एकला पोचून "रोडगे आहेत का?" विचारलं तर उत्तर नाही असंच येणार.

म्हणून रीत अशी. ज्या गावाकडे जायचं तिथल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला, सहकाऱ्याच्या नातेवाइकाला, शाळेच्या शिपाईदादांना, नाहीतर खानावळीला आदल्या संध्याकाळी फोन करा. चार गोष्टी सांगा: माणसं किती, किती वाजता पोचू, मांसाहारी किती, आणि तिखट किती चालेल. शेवटची गोष्ट सांगायला लाजू नका. "ताई, आमच्याकडे तिखटाची सवय नाही, जरा बेतानं" असं म्हटलं तर कुणी हसत नाही, उलट लोणी किंवा दही बाजूला काढून ठेवतात. भाव तेव्हाच विचारून घ्या. सकाळी निघताना पुन्हा एक फोन करा, तोवर गोवऱ्या पेटलेल्या नसतात. आणि सांगून ठेवलं की गेलंच पाहिजे. एकदा आमच्या शाळेतल्या मंडळींनी बारा जणांचं जेवण सांगितलं आणि वाटेत बेत बदलून गेलेच नाहीत. त्या घरी मी पुन्हा कुणासाठी शब्द टाकू शकलो नाही.

एक रोडगा एका माणसाला पुरतो. दुसरा मागण्याआधी पहिला संपवा, कारण आग्रह जोरात होतो.

रोडगे जमले नाहीत तर खानावळीत काय मागावं? हिवाळ्यात सोल्यांची आमटी किंवा वांगं-सोले, पाटवडी रस्सा, कढीगोळे, मेथीची भाजी, ज्वारीची भाकर, ठेचा, जवसाची चटणी. यातलं एकही नाव फलकावर नसेल, पण "ताई, घरी आज काय केलं?" असं विचारलं की आतून वाटी येते. भाकर गरम हवी असेल तर एकेक मागवा.

सावजीबद्दल थोडं. हे मूळचं नागपूरच्या विणकर हलबा कोष्टी समाजाचं जेवण. मसाले खरपूस भाजून वाटलेले असतात, म्हणून रस्सा काळसर दिसतो, आणि तिखट जिभेवर उशिरा चढतं. आता विदर्भात कुठंही गेलात तरी 'सावजी' अशी पाटी दिसते. सगळीकडचं सारखं नसतं. पहिल्या वेळी अर्धी प्लेट घ्या, भाकर किंवा नागपूर-भंडाऱ्याकडची लांब रोटी सोबत मागा. पालथ्या मातीच्या मटक्यावर भाजलेली ती पातळ रोटी करताना बघण्यासाठीसुद्धा थांबावं अशी आहे. रिकाम्या पोटी सावजी खाऊन लगेच घाट चढायला निघू नका.

वावरातलं खाणं

हुरडा आता पूर्वीसारखा सहज मिळत नाही. सोयाबीन आणि कपाशीनं ज्वारीची जागा घेतली. तरी अकोला, बुलडाणा, वाशीम आणि अमरावतीच्या काही भागात डिसेंबर-जानेवारीत ज्वारी चिकावर आली, म्हणजे दाणा कोवळा आणि दुधाळ झाला, की शेकोटी पेटते. कणसं भाजायची, हातावर चोळायची, पाखडायची आणि गरम असतानाच खायची. गूळ, फल्लीची चटणी, दही, ठेचा सोबत. कोवळ्या ज्वारीला दोनच आठवडे असतात, तेव्हा "पुढच्या रविवारी" म्हणत बसू नका. शेतमालक "या उद्या" म्हणाला तर रजा टाका.

हिरव्या हरभऱ्याचा हुळा त्याहून सोपा. झाडं मुळासकट उपटून काडीकचऱ्यावर भाजली की घाटे फुटतात. तोंड आणि बोटं काळी होतात. तुरीच्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून आठवडी बाजारात मिळतात, शंभर रुपयांच्या खाऊच्या पिशवीपेक्षा त्या वाटेत जास्त कामी येतात.

दुसऱ्याच्या वावरातून एक घाटासुद्धा न विचारता तोडू नका. मागितलं तर ओंजळभर मिळतं. न विचारता तोडलं तर सगळ्या गावाला कळतं.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातून जाणार असाल, म्हणजे दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, शेगावच्या बाजूनं, तर पिण्याचं पाणी घरून न्या. हा खारपाणपट्टा आहे, जमिनीतलं पाणी खारट लागतं. खारपाणपट्ट्यातला हरभरा मात्र रुचकर असतो.

पहिली सहल: चिखलदरा

अमरावतीहून परतवाडा पन्नासेक किलोमीटर, तिथून चिखलदरा तीसेक. परतवाड्याहून दोन रस्ते आहेत, धामणगाव गढीवरून आणि घटांगवरून. नवख्यांनी जाताना धामणगाव गढीचा जवळचा रस्ता धरावा. पहाटे घाटात धुकं असतं, दिवे चालू ठेवा आणि वळणावर हॉर्न द्या.

चिखलदरा १,१०० मीटरहून थोडं उंच आहे आणि महाराष्ट्रात कॉफीची लागवड होते ती इथं. मेळघाटाचा व्याघ्र प्रकल्प देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी, १९७३-७४ चा. त्यामुळे तुम्ही डोंगरावरच्या बाजारात असलात तरी भोवती वाघाचं जंगल आहे. गाडीतून उतरून झाडीत शिरू नका, मोठ्यानं गाणी लावू नका.

आठ-नऊच्या सुमारास वर पोचा आणि सरळ गाविलगडाकडे जा. ऊन चढलं की गडावरच्या दगडांत फिरणं कंटाळवाणं होतं. १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेनं हा किल्ला घेतला, म्हणजे तुम्ही जी थंडी अंगावर घेऊन तिथं उभे राहाल तीच त्या दिवसांतली. तटावरची नक्षी, तलाव, तोफा नीट पाहायला दोन तास ठेवा. पायात बूट, हातात पाणी, आणि एकट्यानं आतल्या झुडपांत जाऊ नका. मग भीमकुंड, पंचबोल पॉइंट, देवी पॉइंट. भीमानं कीचकाला मारून याच दरीत टाकलं म्हणून कीचकदरा, त्याचं चिखलदरा, अशी कथा सगळे सांगतील. ऐकून घ्या, सांगणाऱ्याला आनंद होतो.

जेवण? सुट्टीच्या दिवशी वर गर्दी असते. ३१ डिसेंबरला आम्ही काही न सांगता गेलो होतो. तीन वाजेपर्यंत एका जागी बसून राहिलो आणि शेवटी बिस्किटं खाऊन उतरलो. तेव्हापासून मी एकतर परतवाड्यात जेवण सांगून ठेवतो आणि दोनला खाली उतरतो, नाहीतर घरून भाकरी-चटणी-वांग्याची भाजी नेतो. वर थांबून खायची गोष्ट म्हणजे रबडी आणि खवा, दूध चांगलं आहे. जानेवारीत स्ट्रॉबेरी विकायला असते. कोरकू आदिवासी बायका बाजारात कुटकी, सावा ही बारीक भरडधान्यं विकायला बसल्या असतील तर घ्या. भाव पाडू नका. कुटकी भातासारखी शिजवून आंबट वरणासोबत खाऊन पाहा.

चारच्या आत घाट उतरायला लागा.

दुसरी सहल: मुक्तागिरी आणि बहिरम

ही माझी सगळ्यांत आवडती. दोन्ही परतवाड्याहून उत्तरेकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी. आधी मुक्तागिरी, मग बहिरम, हाच क्रम ठेवा. मुक्तागिरी हे जैनांचं सिद्धक्षेत्र, हद्दीनं मध्य प्रदेशात, बैतूल जिल्ह्यात, पण वाट आमच्याकडून. डोंगराच्या कुशीत बावन्न मंदिरं आणि मध्ये धबधबा. हिवाळ्यात पाण्याची धार बारीक असते, पण पायऱ्या चढायला हवा उत्तम. चामड्याचा पट्टा, पाकीट गाडीतच ठेवा. खाण्याचं काही वर नेऊ नका, आणि मांसाहार करून तिथं जाऊ नका. म्हणूनच ते सकाळी.

बहिरम चांदूरबाजार तालुक्यात, परतवाडा-बैतूल रस्त्यावर. २० डिसेंबरच्या सुमारास यात्रा सुरू होते ती जानेवारीअखेरपर्यंत. टेकडीवर बहिरमबुवांचं देऊळ आहे, मूर्ती भव्य, शेंदराची. पूर्वी इथं नवसाच्या पशुबळीची प्रथा होती. तिच्याविरुद्ध गाडगेबाबांनी याच यात्रेत कीर्तनं केली. बाबांचं जन्मगाव शेणगाव इथून फार लांब नाही, अंजनगाव सुर्जी तालुक्यात.

यात्रेची ओळख आता हंडीतल्या मटणानं आणि रोडग्यांनी आहे. मातीच्या हंडीत, चुलीवर, ओळीनं शिजत असतं. इथं घाई करू नका. आधी सगळ्या ओळीतून एक फेरी मारा. ज्या चुलीवर लाकडं जळत आहेत आणि हंडी नुकती चढली आहे तिथं सांगा, किती किलो, किती रोडगे, आणि किती वेळानं येऊ. मटण तुमच्यासमोर तोलून घ्या, मसाला कोणता घालणार ते विचारा. मग देवळात जाऊन या, पाळणे बघा, बैलांच्या घुंगरमाळा, घोंगड्या, लोखंडी तवे यांची दुकानं बघा. दीड-दोन तासांनी परत आलात की हंडीचं झाकण तुमच्यासमोर निघेल. शिजत आलेलं तयार मटण घाईनं उचलणाऱ्याला रस्सा मिळतो, चव मिळत नाही. शाकाहारी असाल तर वांग्याची भाजी आणि वरणाबरोबर रोडगे मागा, तेही तितकंच मन भरणारं आहे आणि माझी आई आयुष्यभर तेच खात आली.

रविवार टाळा. मंगळवार-बुधवारी गेलात तर बसायला सतरंजी आणि बोलायला माणूस मिळतो. मातीची हंडी विकत मिळत असेल तर एक घरी न्या. पहिल्यांदा वापरण्याआधी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा.

बाकीच्या दिशा, थोडक्यात

लोणार आणि शेगाव एका दिवसात करणारे लोक आहेत. मी करत नाही. लोणारचं विवर बेसॉल्ट खडकात उल्कापातानं झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं. काठावर उभं राहून फोटो काढून परत फिरण्यात अर्थ नाही, सकाळी लवकर खाली उतरा आणि काठाकाठानं चाला, जुनी देवळं झाडीत दिसत जातात. पाणी खारट-क्षारयुक्त आहे. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं होतं आणि त्याच वर्षी या सरोवराला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ही मान्यता, मिळाला. गावातलं दैत्यसूदन मंदिर सोडू नका. शेगावला वेगळ्या दिवशी जा. गुरुवार आणि एकादशी सोडून गेलात तर गजानन महाराजांचं दर्शन शांतपणे होतं. संस्थानचा महाप्रसाद ज्या शिस्तीनं वाढला जातो ती पंगत बघा आणि पानात काही टाकू नका.

वर्ध्याकडे सेवाग्राम आणि पवनार मिळून एक निवांत दिवस होतो. गांधीजी १९३६ मध्ये सेवाग्रामला राहायला आले. बापू कुटीच्या मातीच्या भिंती हिवाळ्यातल्या सकाळी हात लावून बघाव्या अशा आहेत. पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम. परतताना वर्ध्यात गोरसपाक घ्या, गाईच्या दुधा-तुपातली ही खुसखुशीत बिस्किटं आठवडाभर टिकतात. वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे आहेत, हे पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा.

रामटेक नागपूरपासून पन्नास किलोमीटरच्या आसपास. गडावर माकडं आहेत, हातात खाऊची पिशवी नको. देवळाच्या कठड्यावरून खाली पाहिलं की कालिदासाच्या 'मेघदूता'तल्या यक्षाचा रामगिरी तो हाच, असं मानणाऱ्यांचं मन कळतं. येताना खिंडसी तलावावर सूर्यास्त.

भंडारा-गोंदियाकडे गेलात तर जेवण पूर्ण बदलतं. ज्वारी संपते, भात सुरू होतो. माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातल्या, तलावांचा हा मुलूख आहे, म्हणून मासे आणि तलावातले झिंगे. धान निघालेल्या बांधीत लाखोरी पेरतात, तिच्या डाळीचे वडे तिकडेच खावेत. नवेगावबांधला पहाटे तलावावर पाहुणे पक्षी बघा, दुर्बीण नेली तर दिवसाचं सोनं होतं. आणि एक रात्र राखून ठेवा. दिवाळीनंतर धान कापून झालं की झाडीपट्टीत, म्हणजे या पूर्व विदर्भात, रात्रभर नाटकं चालतात, वडसा हे त्यांचं मुख्य केंद्र. मंडई (गावची जत्रा) किंवा शंकरपट (बैलांची शर्यत) असलेल्या गावी गेलात तर नाटक हमखास असतं. घोंगडी घेऊन जा, पहाटे घरी येईपर्यंत दव पडलेलं असतं.

ताडोबाची सफारी आधी ऑनलाइन आरक्षित करावी लागते, मंगळवारी गाभा क्षेत्र बंद असतं. पहाटेची उघडी जिप्सी म्हणजे गार वाऱ्याचा मारा. कानटोपीवर मफलर बांधा, आणि ओळखपत्र खिशात ठेवा.

परतीची वाट

हिवाळ्यात आमचे रस्ते सूर्यास्तानंतर अवघड होतात, आणि कारण आहे कापूस. जिनिंगकडे, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याकडे, निघालेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रुंदीच्या दुप्पट भरलेल्या असतात आणि मागे दिवा नसतो. समोरच्या गाडीचा उजेड डोळ्यांवर असताना त्या दिसतच नाहीत. म्हणून सहाला मोठ्या रस्त्यावर आणि साडेसातला घरी, असं गणित धरा. रोख पैसे जवळ ठेवा. मोबाइलवर पैसे देता येतात, पण घाटात आणि यात्रेत नेटवर्क जातं. पेट्रोल परतवाडा किंवा तालुक्याच्या गावी भरून घ्या.

ज्यांच्या घरी जेवलात त्यांना पोचल्यावर फोन करा. "पोचलो" एवढंच. पुढच्या वेळी तो फोन तुमच्यासाठी रोडग्यांचा विस्तव पेटवतो. आणि उरलेला एखादा रोडगा ते फडक्यात बांधून देतील, तो नाकारू नका. सकाळी कुस्करून कांदा, हिरवी मिरची, मोहरीची फोडणी द्या, वरून सांबार. किंवा गरम दूध आणि गूळ. आमच्या घरी यावरून दोन तट आहेत. मी फोडणीवाल्यांत आहे.